गरोदरपणात हिरड्यांतून रक्त का येते?

सुलतान बाजारच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात नाव घातलेल्या भगिनी वजन, रक्तदाब, रक्ततपासणी सारे वेळेवर करून घेतात. पण दात घासताना थुंकीत रक्त दिसते, हे डॉक्टरांना सांगायचे राहून जाते. घरी सांगावे तर जुन्या बायका म्हणतात, "बाळंतपणात एखादा दात जायचाच!" ही समजूत चुकीची आहे. पोटातले बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेत नाही. ते त्याला आईच्या आहारातून मिळते. तिथे कमी पडले तर तिच्या हाडांतून.

मग रक्त का येते? गरोदरपणी प्रोजेस्टेरॉन व इस्ट्रोजेन ही संप्रेरके शरीरात वाढतात. त्यामुळे दातांच्या मुळाशी साचलेल्या मळाने हिरड्या चटकन सुजतात. हा त्रास बहुधा दुसऱ्या महिन्यापासून सुरू होतो व आठव्या महिन्यापर्यंत वाढत जातो. रक्ताला भिऊन काहीजणी दात घासणेच सोडतात. मग मळ आणखी साचतो आणि दुखणे बळावते.

म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. मऊ ब्रश व फ्लोराइडची टूथपेस्ट घेऊन दिवसातून २ वेळा दात घासावेत. रात्रीची वेळ चुकवू नये.

२. ओकारी झाल्यावर लगेच घासू नये. पोटातल्या आम्लाने दातांचा वरचा थर मऊ झालेला असतो. पेलाभर पाण्यात १ चमचा खाण्याचा सोडा घालून चुळा भराव्यात व अर्ध्या तासाने घासावे.

३. मिसरी लावू नये. ती तंबाखूच आहे. तिने बाळाचे वजन कमी भरते.

४. दातांच्या डॉक्टरांना दिवस गेल्याचे आधी सांगावे. उपचारास चौथा ते सहावा महिना सोयीचा. पण ठणका किंवा सूज असेल तर थांबू नये. दात काढताना जागेवर देतात ती भूल चालते. मनाने गोळ्या मात्र घेऊ नयेत. टेट्रासायक्लिनने बाळाच्या दातांना कायमचे डाग पडतात.

हिरड्यांचा जुना रोग असलेल्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे अधिक आढळतात. उपचाराने ती टळतातच असे सिद्ध झालेले नाही. पण उपचाराने बाळाला अपाय होत नाही आणि आईचे दात वाचतात.

अफझलगंजला सरकारी दंत रुग्णालय आहे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा हिरड्यांचेही सांगा. आणि सासूबाईंनो, सुनेला एकटी पाठवू नका, सोबत जा.