पाहुण्याच्या हातात सायलेन्सर: कर शून्य, धोका दहा वर्षांचा

टेक्सासात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला थँक्सगिव्हिंगच्या आसपास एक आमंत्रण हमखास येतं. ऑफिसातला सहकारी म्हणतो, रानडुकरांनी शेताची वाट लावलीय, ये आमच्या रँचवर. जाणाऱ्याने एनसीसीतल्या पॉइंट टू-टूनंतर बंदूक हातात धरलेली नसते. संध्याकाळी यजमान रायफलीच्या तोंडावर वीतभर लांबीचं काळं नळकांडं आट्यांवर फिरवून बसवतो. हाच सायलेन्सर, त्यांच्या बोलीत 'कॅन'. आवाज सिनेमातल्यासारखा 'फुस्' असा होत नाही. १६० डेसिबलच्या वर जाणारा बार साधारण वीस ते पस्तीस डेसिबलने उतरतो, कानठळ्या टळतात इतकंच. पाच-सहा गोळ्या झाडल्या की ते नळकांडं तव्यासारखं तापतं, उघड्या हाताने काढायला जाऊ नये.

इथवर सगळं ठीक. यजमानाला सकाळी शहरात परतायचं असतं, म्हणून तो सहज सांगून जातो, "तू राहा दोन दिवस, हे वापर आणि सोमवारी आणून दे." घोळ इथे होतो. हा लेख त्या सोमवारचा हिशोब आहे.

अमेरिकेत सायलेन्सरवर नियंत्रण आहे ते १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टचं. या कायद्यात 'हस्तांतर' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात विकणं, गहाण टाकणं, भाड्याने देणं, बक्षीस देणं यांच्या रांगेत उसनं देणंही स्पष्ट लिहिलेलं आहे. साधी रायफल मित्राला शिकारीपुरती देता येते, त्यासाठी कायद्याने वाट ठेवलेली आहे. सायलेन्सरसाठी ती वाट नाही. तो ज्याच्या नावावर केंद्रीय नोंदवहीत आहे, त्याच्याच ताब्यात असायला हवा. सरकारी मंजुरी न घेता तो दुसऱ्याकडे गेला, तर देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. शिक्षा दहा वर्षांपर्यंत कैद, दंड अडीच लाख डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि वस्तू जप्त होते ती वेगळी.

मग पाहुण्याने तो वापरायचाच नाही का? वापरावा, पण मालक शेजारी असताना. मालक उभा आहे, वस्तू त्याच्या नजरेखाली आहे, मनात आलं की परत घेऊ शकतो, तोवर ताबा त्याचाच मानला जातो आणि हस्तांतर झालं असं धरत नाहीत. मचाणावर दोघं बसलात तर प्रश्न नाही. तो झोपायला घरी गेला आणि तुम्ही रात्रभर मचाणावर, तर आहे. नवरा-बायकोलाही हाच नियम. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचा सायलेन्सर तिजोरीत ठेवला आणि तो दौऱ्यावर असताना तिजोरीचा आकडा बायकोला ठाऊक असला, तर वकील मंडळी लगेच कपाळाला आठ्या घालतात.

आता पैशांचं. १९३४ साली सायलेन्सरच्या हस्तांतरावर २०० डॉलर कर बसवला, तेव्हा नवी फोर्ड मोटार पाच-सहाशे डॉलरला मिळत होती. म्हणजे हेतू महसुलाचा नव्हता, लोकांनी घेऊ नये हाच होता. नव्वद वर्षं हा आकडा बदललाच नाही. २०२५ च्या जुलैत सही झालेल्या मोठ्या कर-कायद्याने तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. इथेच पुष्कळांची गल्लत होते. कर गेला म्हणजे बंधन गेलं अशी समजूत पसरली. बंधन तसंच आहे: फॉर्म ४, बोटांचे ठसे, फोटो, स्थानिक पोलीस प्रमुखाला प्रत, आणि मंजुरी येईपर्यंत वस्तू दुकानदाराच्या कपाटात.

स्वतःचा घ्यायचा म्हटलं तर पॉइंट टू-टूसाठीचा अडीचशे ते पाचशे डॉलरला मिळतो. डुक्कर-हरणाच्या रायफलीचा सहाशेपासून बाराशेपर्यंत जातो. नळीच्या तोंडावर आटे नसतील तर ते पाडून घ्यायला शंभर-दोनशे. कुटुंबात दोघा-तिघांना वापरायचा असेल तर वैयक्तिक नावाऐवजी ट्रस्ट करतात. ऑनलाइन तयार मसुदा शंभरेक डॉलरला मिळतो, वकिलाकडून केला तर काही शे लागतात. ट्रस्टचे सगळे विश्वस्त मालक नसतानाही तो बाळगू शकतात. यावरून काही हुशार यजमान पाहुण्यालाच शनिवार-रविवारपुरता विश्वस्त करतात. कागदावर हे जमेलही, पण ट्रस्टमधल्या सगळ्या मालमत्तेवर त्याचा हक्क निर्माण होतो आणि त्याच्या व्हिसाची भानगड ट्रस्टच्या गळ्यात येते. दोन दिवसांच्या डुकरांसाठी एवढा उपद्व्याप करू नये.

व्हिसाचा मुद्दा मात्र यजमानांना बहुधा ठाऊकच नसतो, आणि आपल्या लोकांना सगळ्यात जास्त लागू तोच पडतो. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन किंवा पर्यटक व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेत बंदूक आणि गोळ्या बाळगायला बंदी आहे. केंद्रीय कायद्यात सायलेन्सर हीसुद्धा 'बंदूक'च. मालक शेजारी उभा असण्याने ही बंदी उठत नाही. ग्रीनकार्डधारकांना ती लागू नाही. अपवादांपैकी कामाचा एकच: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकार परवाना जवळ असणं.

यात एक विनोदी पेच आहे. टेक्सासने २०१९ पासून खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, रानडुकरं मारायला परवान्याची अटच काढून टाकली. त्यामुळे यजमान मोठ्या मनाने सांगतो, "डुकरांना लायसन्स लागत नाही रे, पैसे कशाला घालवतोस?" राज्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. पण व्हिसावरच्या पाहुण्याला तो परवाना डुकरांसाठी नको असतो, रायफल हातात धरण्यासाठी हवा असतो. राज्यात सहा महिन्यांहून अधिक राहिलेल्याला साधा परवाना २५ डॉलरला मिळतो. पुण्याहून आलेल्या सासऱ्यांना पाच दिवसांचा अनिवासी परवाना ४८ ला. डुक्कर आणि परदेशी जनावरं यांना तो पुरतो. स्थानिक हरीण मारायचं असेल तर अनिवासी सर्वसाधारण परवाना, ३१५. सोबत शिकार-प्रशिक्षणाची अट आहे. २ सप्टेंबर १९७१ नंतर, किंवा त्या दिवशी, जन्मलेल्यांनाच ती लागू, म्हणजे बहुतेक सासरे सुटतात. जावयाला कोर्स करायला वेळ नसेल, तर १० डॉलर भरून एकदाच सवलत मिळते, मात्र सोबत प्रशिक्षित परवानाधारक हवा.

'परदेशी जनावरं' म्हणजे कोण, तर आपलेच चितळ, काळवीट आणि नीलगाय. विसाव्या शतकात तिकडे नेली, आणि आता रँचमालक त्यांचे दर लावून शिकार विकतात. ज्या चितळावर आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बंदूक रोखता येत नाही, त्याला टेक्सासात बंद हंगामही नाही.

व्हिसाचे नियम मोडले तर काय होतं, हे पाहायला रेहाइफ खटला पुरे. अमिरातीचा एक विद्यार्थी, कॉलेजने काढून टाकल्यामुळे व्हिसा गमावलेला, फ्लोरिडातल्या शूटिंग रेंजवर गेला आणि तिथली बंदूक चालवली. एवढ्यावरून खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१९ मध्ये न्यायालय म्हणालं की आपल्याला बंदी आहे अशा वर्गात आपण मोडतो हे आरोपीला ठाऊक होतं, हे सरकारने सिद्ध करायला हवं. पाहुण्याला दिलासा म्हणावा तर फार नाही, कारण स्वतःचा व्हिसा कोणता हे सगळ्यांना ठाऊक असतंच. २०२२ नंतर या कलमाची कमाल शिक्षा पंधरा वर्षं आहे, जाणूनबुजून देणाऱ्या यजमानालाही तेवढीच. शिवाय बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलं की ग्रीनकार्ड असलं तरी देशाबाहेर घालवता येतं.

रँच टेक्सासाबाहेर असेल तर आणखी एक तपासणी. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई इथे सामान्य नागरिकाने सायलेन्सर बाळगणंच बेकायदा. कनेक्टिकटमध्ये बाळगता येतो, शिकारीत वापरता येत नाही. आणि 'मेड इन टेक्सास' असला तर केंद्राचा कायदा लागत नाही, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर हसून सोडून द्या. कॅन्सासने असाच कायदा केला होता. त्यावर विसंबून सायलेन्सर विकणारा आणि घेणारा, दोघंही केंद्रीय न्यायालयात दोषी ठरले, आणि अपिलातही ते कायम राहिलं.

तेव्हा यजमान निघाला की नळकांडं उतरवून त्याच्या गाडीत द्या. पाहुण्याला कानांसाठी वीस-तीस डॉलरचे इअरमफ पुरतात. परवान्याची तारीखही बघून घ्या: टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो, त्यामुळे गेल्या हंगामातला खिशात असला तरी थँक्सगिव्हिंगला तो चालत नाही.