सोरायसिस, सनबेड आणि चुकीचा उजेड

सोरायसिस असलेल्यांना ऊन मानवतं. सगळ्यांना नाही, पण बऱ्याच जणांना, आणि डॉक्टरांनी सांगण्याआधीच ते त्यांच्या लक्षात आलेलं असतं. मूळच्या सांगलीच्या एका बाईंना ते कॉलेजात असताना कळलं. मे महिन्यात कोपरा-गुडघ्यांवरचे चट्टे निवळायचे. दिवाळीनंतर गारठा पडला की ते पुन्हा जाड व्हायचे, पांढरा भुगा झडायचा, गडद रंगाची ओढणी घेणं नकोसं व्हायचं. लग्नानंतर त्या अमेरिकेत ओहायो राज्यात गेल्या. तिथं हिवाळाभर आभाळ राखाडी, आणि सूर्य दिसलाच तरी अंग डोक्यापासून पायापर्यंत कपड्यांत गुंडाळलेलं. पहिल्याच हिवाळ्यात चट्टे पाठीवर आणि मांड्यांवर पसरले. "अगं, जरा उन्हात बसत जा," असं आई फोनवर सांगायची. ऊन आणायचं कुठून?

स्किनच्या डॉक्टरांकडे उपाय होता. नॅरोबँड यूव्हीबी नावाचा प्रकाशोपचार, आठवड्यातून तीनदा, निदान दोन-तीन महिने. पण ते केंद्र गाडीनं तासाभरावर होतं, दर खेपेला विम्याव्यतिरिक्त खिशातून पैसे भरायचे होते, आणि नवीन नोकरीत आठवड्याला तीन अर्धे दिवस मागायचे कोणत्या तोंडानं? याउलट किराणा दुकानाच्या शेजारीच एक टॅनिंग सलून होतं. महिन्याची ठरावीक फी, रात्री उशिरापर्यंत उघडं, आणि आत गेल्यावर दार लावून घेता येईल अशी खोली. गोऱ्या कातडीवर सावळेपणाची झाक यावी म्हणून लोक तिथल्या काचेच्या पलंगावर, म्हणजे सनबेडवर, झोपतात. खालून आणि वरून अतिनील किरणांच्या नळ्या पेटतात. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या भावानं सोरायसिससाठी हेच केलं होतं आणि त्याला बरं वाटलं होतं.

"फी कमी होती, जवळ होतं, हे तर खरंच," त्या सांगतात. "पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथं कुणी माझ्या अंगाकडे बघून 'हे काय झालंय?' असं विचारलं नाही." हे कारण हलक्यात घेण्यासारखं नाही. हळदीकुंकवाला हात पुढे करताना बाही खाली ओढणारी, पोहण्याच्या तलावावर जायचंच टाळणारी माणसं आपल्याकडेही घरोघरी आहेत. हा आजार स्पर्शानं पसरत नाही, हे वर्षानुवर्षं सांगूनही लोक हात आखडता घेतात. बंद दाराआड मिळणारा उपाय अशा माणसाला जवळचा वाटला, तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो उपाय खरंच उपाय आहे का, एवढंच पाहायला हवं.

प्रकाशानं त्वचेचे आजार बरे होतात, ही मुळीच भाबडी समजूत नाही. फॅरो बेटांवर जन्मलेल्या नील्स फिनसेन यांना १९०३ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते त्वचेच्या क्षयावर प्रकाशानं उपचार केल्याबद्दल. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे विल्यम गेकरमन सोरायसिसच्या रुग्णांना डांबराचा लेप लावून वर अतिनील किरण देऊ लागले, आणि ती पद्धत पुढे अनेक दशकं चालली. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्वचेला भडकवत राहते. एरवी तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना घेते. इथं तेच काही दिवसांत घडतं, आणि न पिकलेल्या पेशींचे थर साचतात. योग्य किरण त्वचेत घुसून बसलेल्या भडक्या प्रतिकारपेशी कमी करतात आणि ही घाई आवरतात.

योग्य किरण म्हणजे कोणते, याचा छडा बऱ्याच उशिरा लागला. १९८१ मध्ये जॉन पॅरिश आणि येनिके या दोघांनी चट्ट्यांवर वेगवेगळ्या तरंगलांबीचे किरण टाकून पाहिले. २९० नॅनोमीटर आणि त्याखालच्या किरणांनी कातडी भाजून निघाली तरी चट्टे हलले नाहीत. २९६ ते ३१३ च्या पट्ट्यात मात्र ते विरले. या शोधाच्या पाठोपाठ फिलिप्स कंपनीची ३११ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश देणारी नळी आली. आज मुंबई-पुण्यापासून ओहायोपर्यंत सोरायसिससाठी आणि कोडासाठी वापरली जाते ती नॅरोबँड यूव्हीबी हीच.

सनबेडच्या नळ्यांतून मात्र मुख्यतः यूव्हीए किरण बाहेर पडतात, म्हणजे ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे. सोरायसिसवर एकट्या यूव्हीएचा फारसा उपयोग होत नाही. त्याला कामाला लावायचं तर सोरॅलिन नावाचं औषध आधी पोटात घ्यावं लागतं किंवा अंगाला लावावं लागतं. १९७४ पासून 'पुवा' या नावानं ओळखला जाणारा उपचार तो हाच, आणि तो डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायचा असतो. सनबेडनं काहींना बरं वाटतं ते त्या प्रकाशात मिसळलेल्या थोड्याशा यूव्हीबीमुळे. हा वाटा नळीगणिक बदलतो. नवी नळी जास्त देते, जुनी कमी. एका सलूनमधली दहा मिनिटं दुसऱ्या सलूनमधल्या दहा मिनिटांसारखी नसतात. तापाच्या गोळीत औषध किती हे बाटलीवर लिहिलेलंच नसावं, तसा हा प्रकार.

बाईंना सुरुवातीला फरक पडला. चट्ट्यांची जाडी उतरली, खाज थोडी कमी झाली. फसगत इथंच होते, असं त्या आता सांगतात, कारण थोडासा गुण आला की माणूस जास्त वेळा जातो. त्यांची मूळची गव्हाळ कातडी आणखी काळवंडली आणि निवळलेल्या चट्ट्यांच्या जागी फिकट डाग उठून दिसू लागले, तरीही त्या जात राहिल्या.

मग दोन गोष्टी एकाच आठवड्यात जुळून आल्या. सायनसच्या त्रासासाठी त्यांना डॉक्सिसायक्लिन सुरू झालं होतं. या गोळीनं त्वचा अतिनील किरणांना हळवी होते. सलूनच्या फॉर्मवर औषधांविषयी बारीक अक्षरांत एक ओळ होती, पण त्यावर सही महिन्यांपूर्वीच झालेली, आणि नंतर कुणी विचारलं नाही. त्यातच पलंगाच्या नळ्या नव्या बसवल्या होत्या. वेळ नेहमीचीच लावली. गोऱ्या माणसाची कातडी भाजली की लालबुंद दिसते. सावळ्या कातडीवर ती लाली जांभळट-काळसर होते आणि सहज नजरेत भरत नाही. शिवाय असं भाजणं लगेच कळत नाही, बारा ते चोवीस तासांत वाढत जातं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाठ खुर्चीला टेकवेना, तेव्हा काय झालंय ते लक्षात आलं. रात्री फोड आले.

फोड बसले. पण पुढच्या काही आठवड्यांत जिथं जिथं भाजलं होतं तिथं तिथं, आजवर कोऱ्या राहिलेल्या कातडीवरही, नवे चट्टे उगवले. वैद्यकात याला क्योब्नर परिणाम म्हणतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन त्वचातज्ज्ञ हाइनरिख क्योब्नर यांनी नोंदवून ठेवलं, की सोरायसिस असलेल्याच्या त्वचेला जखम झाली की त्या जखमेच्या आकारातच आजार उमटू शकतो. ओरखडा, टाका, गोंदण, भाजणं, काहीही पुरतं. ज्या उजेडानं चट्टे घालवायचे, तोच जास्त झाला की चट्टे पेरतो. सनबेडबद्दल एरवी फक्त कॅन्सरची भीती घातली जाते. सोरायसिसच्या रुग्णाला हा जवळचा धोकाही तितक्याच ठामपणे सांगायला हवा.

कॅन्सरची भीतीही खोटी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००९ मध्ये टॅनिंगची उपकरणं पहिल्या गटात टाकली. माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींचा हा गट. तंबाखू त्यातच येते. पस्तिशीच्या आत सनबेड सुरू करणाऱ्यांत मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचा धोका ७५ टक्क्यांनी वाढतो, असं त्या वेळच्या एकत्रित अभ्यासातून दिसलं. हे आकडे प्रामुख्यानं गोऱ्या लोकांवरचे आहेत, आणि सावळ्या त्वचेत हा कर्करोग बराच कमी आढळतो, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण पूर्वी पुवा घेतलेल्यांनी किंवा सायक्लोस्पोरिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्यांनी रंगाच्या भरवशावर राहू नये. ब्राझीलनं २००९ मध्ये सौंदर्यासाठीच्या सनबेडवर बंदी घातली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनीही सनबेडचा धंदा बंद केला. इंग्लंडमध्ये २०१० च्या कायद्यानं अठराच्या आतल्या मुलांना मनाई झाली. अमेरिकेत २०१४ पासून यंत्रावर तशी ठळक सूचना लावावी लागते. त्याच अमेरिकेनं २०१० मध्ये टॅनिंगवर दहा टक्के कर बसवला, तेव्हा परवानाधारक वैद्यकीय व्यावसायिकांनी स्वतःच्या जागेत दिलेला प्रकाशोपचार त्यातून वगळला. दोन्हीकडे नळ्याच पेटतात, तरी एक उपचार आणि दुसरी हौस, हा फरक करखात्यालाही करावा लागला.

बाईंनी डॉक्टरांना सगळं सांगितलं. ओरडा बसेल असं वाटलं होतं, त्याऐवजी डॉक्टरांनी विचारलं, "तासभर येणं जमत नाही, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?" मग घरी वापरायच्या यंत्राचा विषय निघाला. विमा कंपनीनं पहिल्यांदा नकार दिला, डॉक्टरांनी पत्र लिहिलं, आणि काही आठवड्यांनी यंत्र आलं. ते मनाला येईल तसं चालत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, आणि ठरलेल्या खेपा संपल्या की पुढचा आकडा डॉक्टरांकडून घेईपर्यंत सुरू होत नाही. अशा घरगुती उपचाराबद्दल पूर्वी डॉक्टरच साशंक असत. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ७८३ रुग्ण होते, आणि गोऱ्यापासून काळ्यापर्यंत सर्व वर्णांचे लोक त्यात मुद्दाम घेतले होते. बारा आठवड्यांनंतर घरी उपचार घेणाऱ्यांपैकी ३२.८ टक्क्यांची त्वचा स्वच्छ किंवा जवळपास स्वच्छ झाली, तर केंद्रावर जाणाऱ्यांपैकी २५.६ टक्क्यांची. घरचे किरण वेगळे नव्हते. लोकांच्या खेपा कमी चुकल्या.

आता महाराष्ट्र मंडळातल्या बायका त्यांना विचारतात, तेव्हा त्या पहिल्यांदा अंतर आणि पैसा विचारतात. डॉक्टरांना हे दोन्ही उघड सांगा, म्हणतात. त्यांना अडचण कळली तर ते दुसरी वाट काढतील: घरचं यंत्र, मलमं, मेथोट्रेक्सेट किंवा ॲप्रेमिलास्टसारख्या गोळ्या, बायोलॉजिक इंजेक्शनं. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही आधी सांगायचं. मेथोट्रेक्सेट अशा वेळी अजिबात चालत नाही. नॅरोबँड यूव्हीबी बहुधा चालते, पण फॉलिक आम्लाकडे लक्ष ठेवावं लागतं.

महाराष्ट्रात सनबेड फारसे नाहीत, पण तीच चूक दुसऱ्या रूपात होते. बावचीचं तेल चट्ट्यांना चोळून उन्हात बसायचा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. बावचीत सोरॅलिन असतं, म्हणजे हा घरच्या घरी केलेला पुवाच, तोही मात्रेचा पत्ता नसलेला. मे महिन्यातल्या दुपारी त्यानं फोड उठायला वेळ लागत नाही. आणि या सल्ल्याची गरज तरी काय? आपल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत आणि अनेक खासगी दवाखान्यांत नॅरोबँडचं चेंबर असतं. तिथं गेल्यावर पाहायचं ते एवढंच: दर खेपेची मात्रा मिलिज्यूलमध्ये लिहून ठेवतात का, डोळ्यांना गॉगल देतात का, पुरुषांचे जननावयव झाकायला सांगतात का, आणि आधीच्या खेपेनंतर कातडी कशी होती हे विचारतात का. मधे खेपा चुकल्या तर मात्रा कमी करून पुन्हा चढवायची असते, म्हणून चुकलेली खेप लपवू नये. सॅलिसिलिक आम्लाचं मलम उपचाराआधी लावू नये, ते किरण अडवतं. कुठलीही नवी गोळी सुरू झाली, मग ती रक्तदाबाची थायझाइड असो की दुखण्यावरची नॅप्रोक्सेन, पुढच्या खेपेआधी सांगायची. ल्युपस हा आजार असलेल्यांनी प्रकाशोपचाराच्या वाटेला जाऊच नये.

ज्यांनी सनबेड आधीच वापरला आहे, त्यांनी तो साधारण किती आणि कोणत्या वयात वापरला हे फाइलवर लिहून घ्यावं आणि वर्षातून एकदा सगळं अंग तपासून घ्यावं. आकार बदलणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला, दोन-तीन रंगांचा तीळ दिसला तर थांबू नये. तपासणीत तळवे, तळपाय आणि नखांखालच्या काळ्या रेघाही बघायला सांगाव्यात. सावळ्या माणसांत मेलानोमा होतो तेव्हा तो बऱ्याचदा याच जागी होतो, आणि मोजे काढायला लावणारा डॉक्टर सहसा भेटत नाही. बाई आता दर वर्षी स्वतःहून मोजे काढतात.