रक्ताचा कर्करोग : इतकी औषधे कशासाठी?

लहान मुलाला रक्ताचा कर्करोग झाला की घरची मंडळी विचारतात, "एवढी औषधे कशाला? एकच जालीम औषध का देत नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक पालकाला ठाऊक असावयास हवे.

1948 साली बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी या रोगावर अमायनोप्टेरिन हे एकच औषध दिल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते औषध तयार करणाऱ्या संशोधन विभागाचे प्रमुख आंध्रचे सुपुत्र डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मुले सुधारली, परंतु काही महिन्यांतच रोग उलटला. कारण असंख्य रोगट पेशींपैकी थोड्या पेशी त्या औषधाला दाद देत नाहीत. त्याच मागे उरतात व वाढतात.

पुढे 1960 च्या दशकात अमेरिकेत डॉ. एमिल फ्राय, डॉ. फ्रायराईक व सहकाऱ्यांनी चार औषधे एकत्र दिली :

1) व्हिन्क्रिस्टिन : पेशीचे विभाजन थांबवते.
2) मेथोट्रेक्सेट : पेशीला फॉलिक आम्लाचा उपयोग करू देत नाही.
3) मरकॅप्टोप्युरिन : नवे डी.एन.ए. नीट बनू देत नाही.
4) प्रेडनिसोन : रोगट पांढऱ्या पेशी मारते.

एकातून सुटलेली पेशी दुसऱ्यात सापडते. शिवाय प्रत्येकाचे दुष्परिणाम बरेचसे वेगळे असल्याने ती एकत्र देता येतात. तरीही मेंदूभोवती रोग लपून राही, कारण तेथे औषध पुरेसे पोहोचत नसे. म्हणून पाठीच्या कण्यातून औषध देणे सुरू झाले. आज प्रगत देशांत या रोगाच्या मुख्य प्रकारातील दहापैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

व्हिन्क्रिस्टिन आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळते. मात्र पाने उकळून देणे हा उपचार नव्हे. ती विषारी आहेत. हे औषध अत्यल्प प्रमाणात, मोजून, शिरेतूनच दिले जाते.

हा उपचार साधारण दोन ते तीन वर्षे चालतो. महिन्याभरात मूल खेळू लागते आणि येथेच घात होतो. गाडीभाडे, बुडणारी मजुरी यांमुळे पालक उपचार सोडतात. बंधू-भगिनींनो, मूल बरे दिसले तरी रोगट पेशी शिल्लक असतात. अडचण असल्यास रुग्णालयातील समाजसेवा विभागाला भेटा, शेजाऱ्यांना सांगा. पण उपचार मध्येच सोडू नका.

दुःखाचे कारण समूळ नाहीसे केल्याशिवाय दुःख संपत नाही, ही तथागतांची शिकवण येथेही लागू पडते.

जयभीम!