प्रौढ साक्षरता : दूरचा पाठ आणि गावातील वर्ग

स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्राने शिक्षणक्षेत्रात मोठी मजल मारली, हे निर्विवाद आहे. तथापि २०११ च्या जनगणनेत राज्यातील साक्षरतेचे प्रमाण ८२.३४ टक्के आढळले. पुरुषांत ते ८८.३८, तर स्त्रियांत ७५.८७ टक्के होते. याचा अर्थ, सात वर्षे व त्यावरील वयाच्या दर चार स्त्रियांपैकी जवळजवळ एक निरक्षर होती. खरेदीखतावर किंवा बचत गटाच्या नोंदवहीत अंगठा उमटविणाऱ्या व्यक्तीला त्या कागदात काय लिहिले आहे, यासाठी दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. प्रौढ साक्षरतेची निकड इथे आहे.

दूरशिक्षणातील मूळ अडचण

दिवसभर शेतात राबणाऱ्या प्रौढाला शाळेत येणे शक्य नसते. तेव्हा शिक्षणच त्याच्या दारी न्यावे, ही कल्पना साहजिक आहे. नाशिक येथे १९८९ मध्ये स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरदार व गृहिणींसाठी असा मार्ग खुला केला. परंतु घरी पाठविलेले पुस्तक ज्याला वाचता येते, त्यालाच ते शिकविते. निरक्षर प्रौढासाठी आवाज आणि चित्र यांचाच आधार घ्यावा लागतो. म्हणूनच रेडिओ, दूरदर्शन व आता मोबाईल या साधनांकडे जगभर आशेने पाहिले गेले.

पुण्याचा प्रयोग

या संदर्भात आपल्याच भूमीत झालेला एक प्रयोग आजही मार्गदर्शक ठरावा. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत श्रोतेमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, असे एकूण वीस कार्यक्रम मराठीतून प्रसारित झाले. मंडळाचे सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. त्यांचे प्रश्न निमंत्रक केंद्राकडे लिहून पाठवी व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत.

टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाचे मूल्यमापन केले. श्रोतेमंडळ असलेली गावे, केवळ रेडिओ असलेली गावे आणि दोन्ही नसलेली गावे यांची तुलना करण्यात आली. श्रोतेमंडळांच्या गावी लोकांच्या माहितीत लक्षणीय भर पडली. नुसता रेडिओ असलेल्या गावी ती तुलनेने फारच अल्प होती. यंत्र दोन्हीकडे होते. फरक होता तो एकत्र बसण्याचा, बोलण्याचा आणि उत्तर मिळण्याचा. हा प्रयोग अक्षरशिक्षणाचा नव्हता. परंतु त्याचा धडा साक्षरता वर्गालाही तितकाच लागू आहे.

कोलंबियातील रेडिओशाळा

प्रत्यक्ष अक्षरशिक्षणासाठी रेडिओचा उपयोग दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात झाला. तेथील सुतातेन्सा या डोंगराळ खेड्यात होसे होआकिन साल्सेदो या धर्मगुरूंनी १९४७ मध्ये रेडिओकेंद्र सुरू केले. पुढे त्यातून देशव्यापी रेडिओशाळा उभ्या राहिल्या. शेजारपाजारचे शेतकरी एखाद्या घरी जमत. तेथे रेडिओ, फळा आणि छापील अंकलिपी असे. गावातीलच एक साक्षर साहाय्यक रेडिओवरील शिक्षकाच्या सूचनेप्रमाणे फळ्यावर अक्षर लिही आणि शिकणाऱ्यांच्या चुका सुधारी. रेडिओला शिकणाऱ्याचा हात दिसत नाही. साहाय्यकाला तो दिसे.

आजची साधने

केंद्रशासनाने २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, अर्थात ‘उल्लास’, पंधरा वर्षे व त्यावरील निरक्षरांसाठी आहे. त्यात मोबाईलवरील पाठ्यसामग्री आहे. त्याचबरोबर स्वयंसेवकावर मोठी भिस्त आहे. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची चाचणीही त्यात घेतली जाते. मोबाईलवरचा पाठ पुन्हा पुन्हा ऐकता येतो, ही रेडिओपेक्षा मोठी सोय होय. मात्र अनेक घरी मोबाईल एकच असतो आणि तो बहुधा पुरुषाच्या खिशात असतो. ज्या स्त्रीसाठी पाठ तयार झाला, तिच्यापर्यंत तो पोहोचतो किंवा नाही, हे गावातच पाहावे लागेल.

गावाने काय करावे

शिकणाऱ्यांच्या सोयीची वेळ त्यांनाच विचारून ठरवावी. पेरणी व सुगीच्या दिवसांत वेळ बदलण्याची तयारी ठेवावी. ग्रामपंचायतीने समाजमंदिर किंवा शाळेची एक खोली आणि पुरेसा उजेड उपलब्ध करून द्यावा. पाठ सर्वांनी एकत्र पाहावा. त्यानंतर किमान तेवढाच वेळ पाटी-पेन्सिलीसाठी राखावा. आरंभ स्वतःच्या नावापासून करावा आणि पुढे सातबारा, बँकेचे पासबुक, शिधापत्रिका व एस.टी.ची पाटी हेच वाचनपाठ व्हावेत. स्वयंसेवकाने अडचणींची नोंद ठेवावी, शिक्षकांनी ती दर आठवड्यास पाहावी आणि तिचे उत्तर वर्गात पोहोचवावे. चाचणी उत्तीर्ण झाल्यावरही वाचनाचा सराव चालू राहिला पाहिजे. अन्यथा कष्टाने मिळविलेले अक्षर विस्मृतीत जाते.

साधने बदलत राहतील. दूरवरून आलेला पाठ शिकणाऱ्याच्या हाती सोपविणारा माणूस मात्र गावातच शोधावा लागेल. तो शोधणे हे शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांचे पहिले काम होय.