प्रीति आणि धीर

करिंथकरांस पहिलें पत्र, अध्याय १३, वचनें ४ ते ७ वाचावीं. येथें पौल प्रीतीचें वर्णन सहनशीलतेपासून आरंभितो व धीरावर आणून थांबवितो. असें कां, हें परळच्या एका घरांत पाहूं या.

गंगाराम सुर्वे हे गिरणी कामगार. सुमारें १९२६ सालीं रस्त्यावर टाकलेलें एक तान्हें मूल त्यांनीं उचलून घरीं आणिलें. उचलणें ही एका क्षणाची दया. ती पुष्कळांस येते. परंतु त्यांनीं व काशीबाईंनीं त्यास आपलें नांव दिलें, चाळींत वाढविलें, शाळेंत घातलें. गिरणीच्या मजुरीवर हें वर्षानुवर्षें करणें निराळें. पुढें नोकरी सुटल्यावर गंगाराम कोंकणांत आपल्या गांवीं गेले आणि मुलगा मुंबईंत एकटा राहिला. येथें प्रीति आटली, असें कोणी म्हणेल. मला तसें म्हणवत नाहीं; दारिद्र्यानें हात आखडले, इतकेंच.

तो मुलगा म्हणजे कवि नारायण सुर्वे. गिरणींत, मग शाळेंत शिपाई म्हणून राबत ते शिकले व शिक्षक झाले. १९६२ सालीं 'ऐसा गा मी ब्रह्म' निघालें, १९६६ सालीं 'माझे विद्यापीठ'. त्यांच्या कष्टाच्या संसाराची हकीकत पत्नी कृष्णाबाईंनीं 'मास्तरांची सावली' ह्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. १९९५ सालीं परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारायण गंगाराम सुर्वे हे होते. त्यांतलीं मागलीं दोन्ही नांवें त्या गिरणी कामगाराचीं.