अर्थापकर्ष : देवांच्या नावांपासून भुतांच्या नावांपर्यंत



मागील घटकात आपण अर्थविस्तार आणि अर्थसंकोच यांचा परिचय करून घेतला. शब्दाचा मूळचा तटस्थ किंवा आदराचा अर्थ कालांतराने हीन होतो, त्या प्रक्रियेला अर्थापकर्ष म्हणतात. 'दिवटा' म्हणजे मशाल. पण 'दिवटे चिरंजीव' म्हटल्यावर त्या घरात उजेड पडला असे कोणी समजत नाही. अशी सुटी उदाहरणे तुम्हाला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील. या घटकात मात्र एकच शब्दक्षेत्र निवडले आहे : भुताखेतांची नावे. अर्थाची घसरण येथे जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसते.

आरंभ थोडा दूरचा आहे. युरोपात सतराव्या शतकात 'गोएशिया' या नावाने ओळखली जाणारी जादूटोण्याची एक पोथी सिद्ध झाली. तीत बहात्तर दैत्यांची यादी असून बत्तिसाव्या क्रमांकावर 'अस्मोडे' हा राजा आहे. त्याला बैल, मनुष्य आणि मेंढा अशी तीन मस्तके, हंसासारखे पाय व सर्पाची शेपटी आहे. बहात्तर पलटणी त्याच्या आज्ञेत असतात. आवाहन करणाऱ्यास तो अंकगणित, भूमिती आणि खगोलशास्त्र शिकवतो, असेही पोथी सांगते. (दैत्याकडे अध्यापनाचे काम सोपवण्याची ही कल्पना आम्हा प्राध्यापकांना अंतर्मुख करणारी आहे.) हाच दैत्य त्याच्या कितीतरी शतके आधी 'तोबित' या प्राचीन यहुदी ग्रंथात 'अस्मोदिअस' म्हणून येतो आणि एका तरुणीच्या सात पतींचा विवाहाच्या रात्रीच जीव घेतो.

हे नाव कोठून आले? बहुतेक अभ्यासक ते अवेस्ता या पारशी धर्मग्रंथाच्या भाषेतील 'अएश्म दएव' या शब्दांपर्यंत नेतात. 'अएश्म' म्हणजे क्रोध. 'दएव' हा शब्द तर आपल्या घरातलाच आहे. तो म्हणजे 'देव'. युरोपच्या दैत्याच्या नावात आपला देव दडलेला आहे!

संस्कृत आणि अवेस्ता या भाषाभगिनी. वैदिक परंपरेत 'देव' पूज्य राहिला. इराणी परंपरेत 'दएव' दुष्ट ठरला आणि 'अहुर' सर्वश्रेष्ठ झाला. 'अहुर' म्हणजेच संस्कृत 'असुर'. ऋग्वेदाच्या जुन्या भागात वरुणासारख्या देवतांना 'असुर' हे गौरवाचे विशेषण आहे. पुढे त्याचा अर्थ खालावला आणि त्यातील 'अ' हा नकारार्थी असावा अशा समजुतीने उलट 'सुर' हा देववाचक शब्द तयार करण्यात आला. म्हणजे मूळ शब्द असुर. सुर मागाहून आला. त्या युरोपीय यादीतील 'बाएल' आणि 'अस्टारॉथ' ही नावेही अशीच, पश्चिम आशियातील बाल या देवाची आणि अस्टार्टे या देवीची आहेत. शेजाऱ्याचे दैवत आपल्याकडे भूत होऊन येते, एवढे येथे लक्षात ठेवावे.

आता मराठीकडे वळू. 'जखीण' हे स्त्रीच्या पिशाचाचे नाव 'यक्षिणी'पासून आले. आद्य 'य'चा 'ज' (यात्रा – जत्रा) आणि 'क्ष'चा 'ख' (क्षीर – खीर) ही ध्वनिपरिवर्तने तुम्ही अभ्यासली आहेतच. ध्वनी नियमाने बदलले. अर्थ मात्र समाजाने बदलला. खानदेशच्या सीमेवरील अजिंठ्यात यक्ष द्वारपाल आणि निधिरक्षक म्हणून सन्मानाने कोरले आहेत, आणि त्याच कुळातील 'जाखाई' आजही काही गावांची देवी आहे. एकाच मुळाच्या दोन फांद्यांपैकी एक देवळात गेली, दुसरी पिंपळावर. 'खवीस' हा अरबी 'खबीस' म्हणजे दुष्ट या शब्दापासून आला. त्याला खाली घसरायला जागाच नव्हती. 'भूत' म्हणजे मुळात 'जे झाले ते', अस्तित्वात आलेला जीव. पसायदानात किंवा 'भूतदया' या शब्दात तोच अर्थ टिकून आहे.

उलट प्रवासही घडतो. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारितीचे स्वतंत्र दालन आहे. बौद्ध कथेनुसार ती मुले खाणारी यक्षिणी होती, पुढे मुलांची रक्षणकर्ती झाली. कोकणात आरवलीचा वेतोबा हे जागृत दैवत, त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा अर्पण करतात; इतरत्र 'वेताळ' म्हटले की भुतांचा राजा आठवतो. दीपनगरसारख्या वीज केंद्राच्या वसाहतीत कोकण, विदर्भ आणि खानदेश एकाच जिन्यावर राहतात. तेथे हा एक शब्द उच्चारून पाहा. कोणी हात जोडील, कोणी दार लावील.

या क्षेत्रातील सर्वांत गंभीर शब्द 'डाकीण' हा होय. त्याचे मूळ 'डाकिनी'. तांत्रिक बौद्ध परंपरेत, विशेषतः तिबेटात, डाकिनी ही ज्ञान देणारी वंदनीय शक्ती आहे. आपल्याकडे तिची चेटकीण झाली. जखीण आणि खवीस झाडावर राहतात, डाकीण मात्र शेजारच्या घरात राहते. ती हाडामांसाची बाई असते. सातपुड्यातील वस्त्यांत मूल दगावले, गाय आटली की एखाद्या स्त्रीकडे बोट दाखवले गेले, तिला मारहाण झाली, गावाबाहेर काढले गेले, प्रसंगी जीवही घेतला गेला. यास केवळ आदिवासी समाजाचे अज्ञान समजू नये. विद्यापीठे असलेल्या युरोपने हेच न्यायालयांमार्फत केले.

येथे शब्दाचे लिंगही पाहण्यासारखे आहे. भूत उतरवणारा पुरुष 'भगत', 'देवऋषी' किंवा 'जाणता' असतो. स्त्रीच्या वाट्याला 'डाकीण' येते. इंग्रजीत 'विझर्ड' हा शब्द शहाणा या अर्थाच्या 'वाइज'पासून झाला, 'विच'ला तसा मान नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस निघालेल्या 'मॅलेअस मॅलेफिकारम' या कुप्रसिद्ध ग्रंथाच्या लॅटिन नावातील 'चेटूक करणाऱ्या' हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. त्याला विरोध करणाऱ्यांत योहान वायर हा वैद्य होता. आरोप झालेल्या स्त्रिया आजारी आहेत, अपराधी नाहीत, असे त्याने १५६३च्या ग्रंथात मांडले आणि १५७७मध्ये त्याला एकोणसत्तर दैत्यांची यादी जोडली. तिचे शीर्षक होते 'दैत्यांची खोटी राजसत्ता'. गोएशियाच्या यादीचा मोठा भाग याच यादीशी जुळतो. थट्टेखातर छापलेली नामावली पुढे मंत्र म्हणून वाचली गेली!

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांनी अनेक वर्षे आग्रह धरलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच महिन्यात अध्यादेशाने आला आणि डिसेंबरात विधिमंडळाने संमत केला. सहा महिने ते सात वर्षे कारावास व पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड अशी त्यात शिक्षा आहे. भाषेच्या अभ्यासकाने त्याची अनुसूची अवश्य वाचावी. एखादी व्यक्ती करणी करते, मंत्राने गुरांचे दूध आटवते किंवा ती सैतान आहे असे जाहीर करणे, हा तेथे गुन्हा आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी बोलणे हीच कृती असते असे जे प्रतिपादन केले, त्याचे याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. आणि 'सैतान'? तो अरबीतून मराठीत आला. त्याचा हिब्रू सगोत्र शब्द 'सातान' याचा अर्थ प्रतिपक्षी, आरोप करणारा असा आहे.

कृती : तुमच्या गावातील वा घरातील वडीलधाऱ्यांकडून भुताखेतांची पाच नावे मिळवा. अहिराणी, लेवा, भिल्ली किंवा पावरी, जसा उच्चार असेल तसाच तो लिहून घ्या. प्रत्येक नाव पुरुषवाचक की स्त्रीवाचक, ते झाडाला, पाणवठ्याला की जिवंत माणसाला लावले जाते, याची नोंद करा. जिवंत माणसाला लावलेले आढळल्यास त्या व्यक्तीचे नाव वहीत लिहू नका.