कोणाच्या देखत विचारावे

प्रौढ माणसाला त्याच्या प्रकृतीविषयी, व्यसनांविषयी आणि पूर्वायुष्याविषयी प्रश्न करावयाचे असतील, तर काय विचारावे याइतकाच कोणाच्या देखत विचारावे याचाही विचार करावा लागतो, हे माझे मत आरोग्यविषयक पाहणीच्या कामावर पर्यवेक्षक म्हणून हिंडताना बनले. आणि सोलापूर जिल्ह्यातील एका गावी घडलेला प्रकार त्यास मुख्यतः कारण झाला.

तेथे एका खाजगी संस्थेच्या प्रगणकाने एका गृहस्थास ओसरीवरच बसवून, शेजारपाजारची मंडळी भोवती असताना, खड्या आवाजात एकेक प्रश्न विचारला. त्या सरळ माणसाने आपल्यास क्षय झाला होता, सहा महिने सरकारी दवाखान्याचे औषध घेतले आणि आता पूर्ण बरे आहोत, असे मोकळेपणी सांगितले. नोंद बिनचूक झाली. पुढे त्यांच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले, ते याच कारणावरून. मी फेरतपासणीस गेलो तेव्हा ते म्हणाले, “साहेब, तुमचा कागद कुणी वाचला नाही, पण तुमच्या माणसानं विचारलेलं साऱ्या गल्लीनं ऐकलं.” त्याच आळीत एका सुनेला नवऱ्याच्या दारूविषयी आणि मारहाणीविषयी सासूच्या देखत विचारले गेले होते, तिच्या पाहणीच्या पत्रिकेवर ओळीने ‘नाही’ अशी उत्तरे होती. एके घरी खरे बोलणारा बुडाला आणि दुसऱ्या घरचे खोटे दफ्तरी दाखल झाले.

1992-93 पासून चालत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ज्याच्या 2019-21 च्या फेरीत सुमारे 6 लाख 37 हजार कुटुंबे आली, घरगुती हिंसेचे प्रश्न घरातील एकाच स्त्रीस आणि एकांत लाभला तरच विचारावेत, असा दंडक आहे. एकीलाच का, तर दोघींना विचारल्यास काय विचारले गेले हे परस्परांस कळते, आणि तेवढ्यावरून घरात चौकशी सुरू होते.

एकांत मागून मिळत नाही. तो जुळवून आणावा लागतो. सासूबाईंना उठवून लावू नये. घरात माणसे किती, पाणी कोठून येते, सरपण की गॅस, हा कुटुंबाचा तपशील त्यांच्याकडूनच आदराने घ्यावा, म्हणजे त्यांचा मान राहतो. मग एका सहकारिणीने त्यांचा रक्तदाब मोजण्यास अंगणात बसावे, आणि तो मध्ये पाच-पाच मिनिटे थांबून तीनदा मोजावयाचा असल्यामुळे, तेवढ्या अवधीत दुसरीने स्वयंपाकघरात सुनेशी बोलून घ्यावे. वयाच्या बाबतीत मात्र मंडळी भोवती असलेली बरी. कोयनेचा 1967 चा भूकंप झाला किंवा 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा आपण केवढे होतो, हे चारचौघांच्या आठवणीने निश्चित होते, नाहीतर साऱ्यांची वये पन्नास, पंचावन्न नि साठावर येऊन थांबतात.

बोलणे चालू असता कोणी आलेच, तर पान उलटून पाण्याविषयीचा एखादा प्रश्न काढावा. आणि आलेले माणूस हलत नसेल, तर तो भाग कोरा ठेवून ‘एकांत मिळाला नाही’ असा शेरा लिहावा. असा शेरा असलेली पत्रिका अपुरी म्हणून परत पाठविण्याचा प्रघात पर्यवेक्षकांनी सोडावा; मी ती पुरी झालेली समजून दाखल करून घेतो.